समजलं म्हणजे पटलं असं नाही

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं : ज्यांचं मत आपल्याला मान्य नाही अशा माणसांशी बोलताना नेमकं कुठे अडतं? आलेल्या पत्रांत सोसायटीच्या सभा आणि घरातले वाद सर्वांत जास्त. त्यांतली सात पत्रं निवडून उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आमची २४ सदनिकांची जुनी सोसायटी आहे. पुनर्विकासाचा विषय दोन वर्षं रेंगाळलाय. प्रत्येक सभेत आरडाओरडा होतो, निम्मे लोक उठून जातात. यंदा अध्यक्षपद माझ्याकडे आलंय. सभा नीट कशी चालवू?

उत्तर : तुमच्याकडे एकाच सभेत चार कामं कोंबली जात असणार : माहिती देणं, शंका ऐकणं, बाजू मांडणं आणि मतं घेणं. ज्याला चटई क्षेत्राचा हिशेबच अजून उमगलेला नाही, त्याला त्याच तासात हात वर करायला सांगितलं जातं. तो घाबरतो. घाबरलेला माणूस एक तर ओरडतो, नाही तर उठून जातो.

आधी कायद्याचा आकडा बघा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मतं हवीत. तुमच्याकडे याचा अर्थ १६ जणांची हजेरी आणि १३ जणांचा होकार. कायद्याला १३ पुरतात. उरलेल्या ११ जणांनाही घर रिकामं करायचं आहे, तीनेक वर्षं भाड्याने राहायचं आहे आणि परत येऊन तुम्हाला त्याच जिन्यात भेटायचं आहे. त्यामुळे त्यांच्या शंका कशा ऐकल्या जातात यावर पुढची सगळी वर्षं अवलंबून आहेत.

म्हणून दोन बैठका घ्या. पहिली फक्त माहितीची. तिच्या सूचनेत ठळक लिहा : "या बैठकीत कोणताही ठराव मांडला जाणार नाही." ही एक ओळ अर्धा ताण उतरवते. बैठकीच्या चार दिवस आधी प्रत्येक घरातून एक चिठ्ठी मागवा : एक भीती, एक प्रश्न. नाव लिहायची सक्ती नको.

बैठक ९० मिनिटांची. पहिली २० मिनिटं प्रस्तावाची माहिती आणि चिठ्ठ्यांचं वाचन. मग २४ घरांना प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ४८ मिनिटं. बोलण्याचा क्रम सदनिकेच्या क्रमांकाने लावा. हात वर करणाऱ्यांना क्रम दिला की ज्यांचा आवाज मोठा तेच तिघे-चौघे बोलतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गप्पच राहतात. घड्याळ इमारतीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडे द्या, समितीतल्या कुणाकडे नको. उरलेल्या २२ मिनिटांत तुम्ही ऐकलेलं परत सांगायचं : "सदनिका ७, तुमचं म्हणणं मला असं कळलं. बरोबर आहे का?" त्यांनी दुरुस्ती केली तर ती लिहून घ्यायची.

बहुतेक सभा बिघडतात त्या मधल्या ४८ मिनिटांत, आणि त्या सचिवाच्या चांगल्या हेतूमुळे बिघडतात. कुणी शंका काढली की सचिव तिथल्या तिथे उत्तर देतो. उत्तर बरोबर असतं, पण विचारणाऱ्याला वाटतं आपल्याला खोडून काढलं. तो पुन्हा उठतो, पुढच्याची दोन मिनिटं जातात, पुढचा चिडतो. समितीने त्या वेळात तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं, हे आधीच ठरवून घ्या. लिहायला फळ्यावर तीन रकाने करा : माहीत आहे, शोधायचं आहे, पसंतीचा प्रश्न आहे. नवं घर किती चौरस फुटांचं, हे पहिल्यात. विकसकाने भाडं थांबवलं तर बँक हमीतून ते मिळेल का, हे दुसऱ्यात. पाचवा मजला हवा की दुसरा, हे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टीला कुणी पुरावा मागत नाही, हे लोकांना फळ्यावर दिसलं की निम्मे वाद तिथेच थांबतात.

मध्येच कुणी ओरडलं तर "शांत बसा" म्हणू नका. "तुमची वेळ सदनिका १९ नंतर आहे, मुद्दा मी आत्ताच लिहून ठेवतो," असं म्हणा आणि त्यांच्यासमोर खरोखर लिहा. चहा बैठकीआधी द्या. नाराज माणूस सभेनंतरच्या चहाला थांबत नाही. आधीच्या चहाला मात्र शेजारी म्हणून दोन शब्द बोललेले असतात.

दुसऱ्या रकान्याची उत्तरं पंधरा दिवसांत प्रत्येक घरी लेखी द्या. त्यानंतरच उपविधींप्रमाणे नोटीस काढून ठरावाची सभा घ्या.

इतिवृत्ताकडे फार कमी लोक लक्ष देतात. "काही सभासदांनी विरोध केला" ही ओळ शत्रू तयार करते. त्याऐवजी लिहा : "सदनिका ७ : वयस्कर आईला जिने चढवत नाहीत, तात्पुरतं घर तळमजल्यावर मिळावं." मसुदा त्या सभासदाला आधी दाखवा. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण हरलेल्या बाजूचं म्हणणं कागदावर त्यांच्याच शब्दांत राहतं.

आणि सर्वनामं सांभाळा. मराठीने आपल्याला "आम्ही" आणि "आपण" असे दोन वेगळे शब्द दिले आहेत. अध्यक्ष म्हणाला, "आम्ही तुमच्यासाठी एवढं करतोय," की सभागृहाच्या मधोमध रेघ पडते. समितीने काय केलं याचा हिशेब देताना "आम्ही" वापरा : आम्ही तीन विकसकांना भेटलो. बाकी सगळीकडे "आपण". मात्र "आपण सगळ्यांनी ठरवलंच आहे" हा खोटा "आपण" टाळा. त्याने मघाच्या "आम्ही"पेक्षा जास्त नुकसान होतं.

प्रश्न : मी समोरच्याचं शांतपणे ऐकून घेतलं की तो धरून चालतो, मला पटलं. मग नंतर "तेव्हा तर मान हलवत होतात" असं ऐकावं लागतं. (नाशिक रोड)

उत्तर : कळणं आणि पटणं ही मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. ती दोन्ही मोठ्याने उच्चारायची सवय लावा : "तुमचं म्हणणं मला समजलं, ते असं आहे. मला पटलं मात्र नाही, कारण…" मान हलवणं आणि "हं, हं" करणं आपल्याकडे होकार समजला जातो, म्हणून शरीराने होकार देण्यापेक्षा तोंडाने सारांश सांगा. सारांश सांगताना समोरच्याचाच एखादा शब्द वापरा. त्याने "अन्याय" म्हटलं असेल तर तुम्ही "गैरसोय" म्हणू नका, तुमच्या मते ती गैरसोयच असली तरी. शब्द बदलला की ऐकलंच नाही असं वाटतं.

प्रश्न : माझे मोठे दीर निफाड तालुक्यात कांदा पिकवतात. माझे वडील कंपनीतून निवृत्त झालेले कामगार, सिडकोत राहतात. भाव पडले की दीर चिडतात, भाव वाढले की वडील. गणपतीत दोघं पंगतीला शेजारी बसले की वाद ठरलेला. मी कुणाची बाजू घेऊ?

उत्तर : या वादात दोघंही बहुधा खरेच आकडे सांगत असतात, फक्त ते आकडे वेगवेगळ्या ठिकाणचे असतात. दीर क्विंटलमध्ये बोलतात आणि त्यांचा भाव लासलगाव किंवा पिंपळगावच्या लिलावातला असतो. वडील किलोत बोलतात आणि त्यांचा भाव दारावरच्या गाडीवरचा असतो. मध्ये प्रतवारी, हमाली, तोलाई, वाहतूक, वाटेतली नासाडी आणि विकणाऱ्याचं पोट असतं. समजा लिलावात क्विंटलला २,००० रुपये मिळाले. ते किलोला २० होतात, आणि त्याच आठवड्यात दारात ४० असू शकतात. म्हणून पहिलं काम एकच : आकडा कुठला आणि कधीचा, हे दोघांकडून वदवून घ्या. तेवढ्यानेच "खोटं बोलता" हा आरोप गळून पडतो.

"कधीचा" हेही महत्त्वाचं. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवून पावसाळ्यानंतरपर्यंत विकला जातो. या महिन्यांत वजन घटतं, कोंब येतात, सड लागते. खरिपाचा लाल कांदा बाजारात भरपूर यायच्या आधी, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात, भाव चढतो. वडिलांना ज्या दिवशी कांदा महाग दिसतो, त्या दिवशी दिरांची चाळ बहुतेक रिकामी झालेली असते, किंवा उरलेल्या मालातला बराचसा फेकावा लागतो. हे वडिलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मग सरकारी निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढून टाकलं. दिरांच्या वहीत या तारखा नुकसानीच्या आहेत. वडिलांच्या घरी त्यातल्या काही दिलाशाच्या होत्या. कंपनीतून निवृत्त झालेल्या कामगाराची पेन्शन किती तोकडी असू शकते ते लक्षात घ्या : ईपीएस-९५ या कामगारांच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घरात किलोमागे ३० रुपये वाढले की १५० रुपये जातात. दिरांना ही रक्कम किरकोळ वाटेल, वडिलांना ती वाटत नाही.

इथे आकड्यांचं काम संपतं. पुढे आहेत दोघांची हितं, आणि ती खरोखर एकमेकांच्या आड येतात. ती आड येतच नाहीत असं गोड बोलून पटवायचा प्रयत्न करू नका. दोघांनाही तो खोटेपणा कळतो. तुमचं काम बाजू घेण्याचं नाही, एकाचा हिशेब दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचं आहे. पंगतीच्या आधी दोघांना वेगवेगळं गाठा. दिरांना विचारा, एकराला रोपापासून चाळीपर्यंत खर्च किती आला. वडिलांना विचारा, कांदा दुप्पट झाला की कशात काटकसर करता. शक्य असेल तर दिरांनी वडिलांना एका सकाळी लिलावाला घेऊन जावं. ट्रॅक्टरची रांग, लिलावाचा वेग आणि भाव पुकारताना शेतकऱ्याचा चेहरा हे ताटावर बसून समजावता येत नाही. परतीच्या वाटेवर सिडकोच्या बाजारातून भाजी मात्र दिरांनी घ्यावी, स्वतःच्या खिशातून.

पंगतीत दोन गोष्टी बंद करा. जेवण होईपर्यंत पक्षाचं नाव नाही, कारण ते निघालं की कांदा बाजूला राहतो. आणि "तुम्ही लोक" हे दोन शब्द नाहीत. "तुम्ही शहरातले लोक", "तुम्ही शेतकरी लोक" म्हटलं की समोर बसलेला नात्याचा माणूस दिसेनासा होतो.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. बाबांशी राजकारणावर बोललं की शेवट "तुला काय कळतंय"नेच होतो. (गंगापूर रोड)

उत्तर : वेळ बदला. टीव्हीवर बातम्या चालू असताना हा विषय काढू नका. तिथे आधीच चार जण ओरडत असतात आणि बाबांचा आवाज त्यांच्या पट्टीत गेलेला असतो. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा गाडीत शेजारी बसून बोला. नजरेला नजर भिडलेली नसली की बोलणं कमी टोचतं.

"का" हा शब्दही बदला. "तुम्हाला असं का वाटतं?" हे वादात जाब विचारल्यासारखं ऐकू येतं. "तुमचं हे मत कधीपासून झालं?" असं विचारलं की माणूस एखादा प्रसंग सांगतो, एखादं वर्ष सांगतो, आणि त्यात त्याच्या मताचं खरं मूळ सापडतं. ते पूर्ण ऐका. मग तुमचं मत सांगा, आणि ते कुठे वाचलंत किंवा पाहिलंत तेही सांगा. "तुला काय कळतंय" आलंच, तर "यातलं मला काय कळलेलं नाही ते सांगा" असं विचारा. मात्र हे मनापासून विचारता येत असेल तरच. उपरोधाने विचारलंत तर त्या दिवशी विषय सोडून द्या. वीस मिनिटांच्या पुढे बोलणं ताणू नका. बाबांनी चुकीचा मेसेज पुढे पाठवला असेल तर कुटुंबाच्या ग्रुपवर दुरुस्ती करू नका. काका-आत्यांसमोर चूक कबूल करणं बाबांना फार जड जातं. स्वतंत्र सांगा.

हे वाचणाऱ्या वडिलांसाठी एक : मुलगी तुमच्याशी वाद घालते आहे, म्हणजे तुमचं मत तिला अजून महत्त्वाचं वाटतं. वाद घालणं तिने बंद केलं, तर त्याचा अर्थ तिला पटलं असा घेऊ नका.

प्रश्न : सिन्नर तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते. वादविवाद स्पर्धांत मुलं छान बोलतात, पण एकमेकांचं ऐकत अजिबात नाहीत. ४० मिनिटांच्या तासात काही घेता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्याचं साहित्य आपल्याच परंपरेत आहे. न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, जिच्यात शब्दांचे डावपेचही चालतात. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची खोडत राहायचं. "वितंडवाद" हा रोजचा शब्द तिथूनच आला. मुलांना हे तीन शब्द फळ्यावर लिहून द्या आणि आदल्या दिवशी ऐकलेली कोणतीही एक चर्चा यांतल्या कशात बसते ते विचारा. त्यांना ते पटकन ओळखता येतं.

डावपेचांना तिथे "छल" म्हटलं आहे, आणि त्याचं जुनं उदाहरण वर्गात हमखास चालतं. कुणी म्हणतो, "हा नवकंबल आहे," म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. समोरचा "नव"चा अर्थ नऊ असा घेतो आणि म्हणतो, "नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय." आजच्या कितीतरी वादांत हेच चाललेलं असतं : बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ पकडायचा आणि त्यावर विजय मिळवायचा.

याच शास्त्रात वादात हरल्याची २२ कारणं दिली आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक आहे अननुभाषण. प्रतिपक्षाने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते समजलं, तरीही ते तुम्हाला परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर कितीही बिनतोड असलं तरी. आमच्या मते मतभेदातला मान म्हणजे नेमकं हेच : आवाज मऊ असो वा नसो, समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडता येणं. तुमचा तास यावरच उभा करा.

पाच मिनिटांत विषय आणि नियम सांगा. मुलांच्या जोड्या करा. पहिला चार मिनिटं बोलेल. दुसरा दोन मिनिटांत त्याचं म्हणणं परत मांडेल. पहिल्याने "हो, हेच" म्हणायला हवं. "नाही, हे राहिलं" म्हटलं तर पुन्हा, जास्तीत जास्त तीन वेळा. मग दोन मिनिटं उत्तर. आठ मिनिटांनी अदलाबदल, म्हणजे सोळा मिनिटं. पुढची बारा मिनिटं तीन जोड्या वर्गासमोर, प्रत्येकी चार. शेवटची सात मिनिटं लिहिण्यासाठी : "समोरच्याचा कोणता मुद्दा मला बरोबर वाटला?"

गुण दहा. पाच परत मांडण्याला, तीन उत्तराला, दोन समोरच्याचा एक तरी मुद्दा मान्य करण्याला. पहिले पाच गुण प्रतिस्पर्ध्यानेच द्यायचे. इथे अडचण येते ती अशी : काही मुलं जिंकण्यासाठी "नाही, अजून राहिलं" म्हणतच राहतात. म्हणून तिसऱ्या प्रयत्नानंतर निर्णय तुमचा. दुसरी अडचण आवाजाची. साठ मुलांच्या तीस जोड्या एकदम बोलू लागल्या की कुणालाच ऐकू येत नाही. निम्म्या जोड्या व्हरांड्यात पाठवा.

विषयांची चढण हळूहळू असू द्या. पहिल्या आठवड्यात जड दप्तराऐवजी कॉलेजमध्ये कपाटं हवीत का. मग शहरात हेल्मेटसक्ती. ज्या विषयाने मुलांच्या घराला, पोटाला किंवा जातीला हात लागतो, तो चार-पाच आठवड्यांनी. तिथे दुसऱ्याचं म्हणणं नुसतं उच्चारतानाही दुखतं, आणि सरावाशिवाय ते झेपत नाही.

सुट्टीतला गृहपाठही सुचवतो. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. पुण्यात ही प्रथा ज्यांनी १८७५ मध्ये सुरू केली ते न्यायमूर्ती रानडे जन्मले तुमच्याच जिल्ह्यात, निफाडला, १८४२ साली. आपल्याला न पटणाऱ्या वक्त्याचं एक व्याख्यान ऐकायचं आणि वक्ता स्वतः खाली सही करेल अशी पाच वाक्यं लिहून आणायची.

प्रश्न : कार्यालयात आरक्षणावर चर्चा निघाली की एक सहकारी माझ्या जातीवर घसरतो. बाकीचे म्हणतात, "जाऊ दे, मतभेद आहेत." मी आदराने बोलत राहायचं का? (सातपूर)

उत्तर : नाही. आरक्षणाचं धोरण कसं असावं यावर मत असू शकतं. तुमची पायरी काय, हे मत नव्हे, आणि त्यावर चर्चेला बसायचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही. त्याचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणा : "तुम्ही आत्ता असं म्हणालात. मी यावर बोलणार नाही." आणि तिथून निघा. त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा. आठवड्याने शब्द अंधुक होतात आणि तक्रार "काहीतरी बोलला" एवढीच उरते. व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तुम्ही अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असाल, तर चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. वकिलाचा सल्ला घ्या.

"जाऊ दे" म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना आमचं सांगणं आहे : थांबवायचं काम तुमचं होतं, आणि त्याला एक वाक्य पुरलं असतं. याच शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड पुढे असताना. मार्ग शांततेचा होता, पण मागणी त्यामुळे एक इंचही मऊ झाली नव्हती. सौजन्याचा अर्थ सहन करणं असा नाशिकच्या माणसाने तरी लावू नये.

प्रश्न : सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून माझं आणि तीस वर्षांच्या मित्राचं फिरायला गेलेलो असताना वाजलं. मी त्याला विकासविरोधी म्हणालो, तो मला विकला गेलेला म्हणाला. चार महिने बोलणं बंद आहे. माझं मत बदललेलं नाही. मग माफी मागायची तर कशाची? (पंचवटी)

उत्तर : मत बदललेलं नसतानाही माफी मागता येते, कारण माफी मताची मागायची नाही, तुम्ही लावलेल्या शिक्क्याची मागायची. वाक्य साधारण असं : "मी तुला विकासविरोधी म्हणालो. ते चुकलं. तू झाडांबद्दल बोलत होतास आणि मी तुझ्याबद्दल बोललो." इथे थांबा. पुढे "पण" लावू नका. "तुला वाईट वाटलं असेल तर" असंही नको, वाईट वाटलं आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्याने त्याचा शब्द मागे घ्यावा अशी अपेक्षाही त्या भेटीत उच्चारू नका.

मेसेज पाठवू नका. फोन करा, फक्त भेटायला बोलवा, आणि बोलणं समोर करा. पहिल्या भेटीत तपोवनाचा विषय काढायचा नाही. तो पुढे कधीतरी निघेलच. तेव्हा दोघांनी आपल्या नव्हे, एकमेकांच्या भीतीपासून सुरुवात करा. तुम्ही जागा मोकळी हवी म्हणता, त्यामागे गर्दीची काळजी असेल, आणि ती खरी आहे : २००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरीत माणसं गेली. ही गोष्ट त्याने तुमच्या वतीने मांडावी. तो जुन्या झाडांसाठी भांडतो, कारण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि आज लावलेलं रोप बारा वर्षांत त्या झाडांइतकी सावली देत नाही. हे त्याच्या वतीने तुम्ही मांडा. यानंतर मतं तिथेच राहिली तरी चालतील. मागच्या वेळी जे तुटलं ते मतामुळे तुटलं नव्हतं.

फोन त्याने उचलला नाही, तर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा करा. तिसऱ्यांदा नको, त्याचा त्रास होतो. दिवाळीला मात्र दरवर्षीसारखा फराळाचा डबा पाठवा, सोबत चिठ्ठी न ठेवता.